पिवळी खूण

बोल्टच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे वर्ध्यापासून सेलूपर्यंतच्या सगळ्या ठेकेदारांना ठाऊक आहे. पंचवीस वर्षं लोखंडी शेड उभ्या करतो आहे. दुकानदार जेव्हा म्हणतो, "कैलासभाऊ, जाडी तीच, लांबी तीच, घेऊन टाका ना," तेव्हा माझं डोकं फिरतं. अरे, जाडी तीच असेल, पण पोलाद वेगळं असतं. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचायला काय इंजिनिअर लागतो? मोठ्या जोडाला दहा पॉईंट नऊचाच लागतो. चार पॉईंट सहाचा बोल्ट पत्रे धरायला ठीक, माणसं धरायला नाही. असे किती तरी डबे मी दुकानात परत नेऊन आपटले आहेत.

जंगू माझ्या उलट. तो कधी कुणावर ओरडला नाही. कारंजा घाडगेकडचा गोंड माणूस, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अठरा वर्षं माझ्या जोडीला. पाना फिरवताना आटे गोंडीत मोजायचा, तोंडातल्या तोंडात. ऐकून ऐकून मलाही दहापर्यंत येऊ लागलं होतं. त्याची बायको पंचफुला आमच्याच साईटवर रंगकामाला असायची. दुपारची भाकर आम्ही तिघं एकत्र खायचो. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी, आणि माझ्या डब्यातली भाजी अळणी असते म्हणून मला रोज टोमणे मारायची. खरं तर अळणीच असायची.

आमची कामाची एक रीत होती. जोडाच्या दोन प्लेटी समोरासमोर आणायच्या, बोल्ट घालायचे, नट हातानं चढवायचे, दोन-तीन आटे धरतील एवढेच. मग साध्या पान्यानं मधल्या बोल्टपासून बाहेर जात सगळे सारखे आवळायचे, म्हणजे प्लेटी एकमेकींना घट्ट टेकतात. मग टॉर्क पाना लावायचा, ठरलेला जोर बसून टक् असा आवाज येईपर्यंत. आणि तो आवाज आला की मगच, नटवरून खाली प्लेटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे काम पूर्ण. पिवळं दिसलं की वर चढायचं, नाही दिसलं तर जमिनीवर उभं राहायचं. हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. नियमाचा दुसरा अर्धा भागही माझाच होता: रेघ नुसती पाहायची नाही, बोटानं चाचपून पाहायची. नव्या पोरांना मी यावरून किती झापलं असेल त्याला हिशेब नाही.

मागच्या वर्षीच्या दसऱ्याला आमचं काम सेलूजवळ होतं, कापसाच्या एका जिनिंगची शेड. सहा कमानी उभ्या करायच्या होत्या. प्रत्येक कमानीचा आडवा गर्डर दोन तुकड्यांचा. ते तुकडे जमिनीवरच आठ बोल्टांनी जोडायचे आणि मग क्रेननं उचलून खांबांवर बसवायचे. पाच उभ्या झाल्या होत्या. सहाव्याचे तुकडे अष्टमीच्या संध्याकाळी लाकडी ठोकळ्यांवर मांडले. मी नारळ, झेंडू, हळद-कुंकू आणायला सेलूच्या बाजारात निघून गेलो. आवळायचं काम जंगूवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेत बसतात आणि दसरा झाल्याशिवाय कुणी पाना उचलत नाही. वेल्डिंग मशीन, साखळीचा कप्पा, पाने, टॉर्क पाना, सगळं स्वच्छ पुसून सतरंजीवर मांडलं. पूजा नेहमीप्रमाणे पंचफुलाच्या हातची. तिचा हात चांगला, असं सगळे म्हणायचे, आणि अठरा वर्षांत आमच्या गँगमध्ये कुणाचं बोट तुटलं नव्हतं, म्हणून मीही म्हणायचो. हत्यारांना लावून झाल्यावर ताट घेऊन ती खांबांकडे गेली, मग ठोकळ्यांवरच्या कमानीकडे. ते मी लांबून पाहिलं होतं. पाहिलं आणि विसरून गेलो, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं? जंगू तेव्हा शिडीवर चढून तोरण बांधत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भाड्याची क्रेन येऊन उभी राहिली. क्रेनवाला घाई करत होता, त्याला दुपारी वर्ध्याला जायचं होतं. मी कमानीपासून चार पावलांवर उभा राहून पाहिलं. आठही नटांवर पिवळं. जंगूनं अष्टमीलाच काम संपवलं, असं मी समजलो. चार पावलं पुढे जाऊन बोट लावायला कितीसा वेळ लागला असता?

जंगू तोवर खांबावर चढला होता. वरून त्यानं विचारलं, "झालं का रे ते शेवटचं?"

"झालं. पिवळं हाय," मी म्हणालो.

त्याला वाटलं, सकाळी लवकर येऊन मी आवळले. मला वाटलं, त्यानं आवळले होते. आम्ही दोघंही त्या रंगावर विसंबलो, आणि त्या रंगावर विसंबायचं मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

क्रेननं कमान उचलली, खांबांवर टेकवली. टोकं बसली. जंगूनं कमरेच्या पट्ट्याचा हूक गर्डरलाच अडकवला आणि साखळी सोडवायला मधोमध सरकला. साखळी ढिली होताच गर्डर जोडातून कोपरासारखा वाकला. नट दोन-दोन आट्यांवर होते, ते सटासट निघाले. पट्टा गर्डरला होता, म्हणून गर्डरबरोबर जंगूही खाली आला. बावीस फूट. आवाज मोठा झाला, पण तो लोखंडाचा होता. जंगूचा आवाज आलाच नाही.

त्याला जीपमध्ये घातलं, पंचफुला मागे बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखाना यायच्या आत सगळं संपलं होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं.

जीप गेल्यावर मी त्या प्लेटीपाशी गेलो. तीन बोल्ट अजून भोकांत लटकत होते, नटासकट. मी एका नटावर बोट फिरवलं. पिवळं बोटाला आलं. तीन दिवसांचा ऑइलपेंट बोटाला येत नाही. मी बोट नाकाशी नेलं.

हळद होती. अठरा वर्षं पंचफुला नटावरच्या आमच्या रेघा पाहत आली होती, कित्येकदा ब्रश घेऊन त्या तिनंच ओढल्या होत्या. म्हणून पूजेच्या दिवशी तिनं टिळा लावावा तसं बोट टेकवलं नाही, आमच्या रेघेसारखीच हळद ओढली. नटवरून खाली, प्लेटवर. नवऱ्याच्या हातचं काम म्हणून जरा जास्तच मन लावून ओढली असेल.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि प्लेट, नट, सुटून पडलेले बोल्ट, सगळं पुसून काढलं. इतर माणसं फाटकाशी उभी होती, कुणी पाहिलं नाही. पोलीस आले तेव्हा मी सांगितलं, नट न आवळता खूण मी केली. गर्डर उचला असं मीच म्हणालो. यातलं दुसरं वाक्य खरंच होतं. बोट न लावता उचलायला मीच सांगितलं होतं, म्हणजे गुन्हेगार मी होतोच. मी फक्त माझ्या गुन्ह्यात अजून थोडी भर घातली.

तेराव्याला पंचफुला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "भाऊजी, अष्टमीच्या सांजले ते घरी येऊन बोलले होते, अंधार पडला, आठ नट राह्यले म्हणून. मंग त्याच्यावर पिवळं कोनं लावलं?"

हाच प्रश्न ती विचारील, या भीतीनं मी तेरा रात्री झोपलो नव्हतो. जगात दोनच उत्तरं होती. एक ऐकून ती मला जन्मभर शिव्या देणार होती. दुसरं ऐकलं असतं तर तिनं स्वतःला जन्मभर जाळलं असतं, किंवा एका दिवसातच सगळं संपवलं असतं.

"म्या लावलं," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावर काही फेकून मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमचे हात झडून जातीन," आणि आत गेली.

केस अजून चालू आहे. तारखेला वर्ध्याला जातो, बाकावर बसतो, पुढची तारीख घेऊन परत येतो. सहा महिने मला कुणी काम दिलं नाही. मग धनंजय नावाच्या एका तरुण ठेकेदारानं पवनारजवळच्या गोदामाच्या कामावर घेतलं. त्याला मी हळूच सांगितलं, पंचफुला नावाची बाई आहे, रंगकाम चांगलं करते, तिलाही घे, पण माझं नाव घेऊ नको. ती आली. मला पाहून पहिल्या दिवशी परत निघाली होती, पण गेली नाही. पोट कुठे कुणाचं ऐकतं? मी हापशावर गेलो की ती बादली उचलून निघून जायची. मी जवळून गेलो की थुंकायची. कधी ऐकू येईल अशा आवाजात शिव्या द्यायची. नवी माणसं मला विचारायची, ही बाई तुमच्यावर काऊन एवढी खार खाते? मी म्हणायचो, खाऊ द्या, तिचा हक्क आहे. आणि खरं सांगतो, तिची शिवी ऐकली की माझा जीव थंड व्हायचा. शिवी देते आहे, म्हणजे तिला अजून कळलेलं नाही.

पवनारच्या कामावर मी पहिल्याच दिवशी एक बदल केला. पिवळ्या रंगाचा डबा आणू दिला नाही. निळा आणला. धनंजयला म्हणालो, दुकानात पिवळा संपला आहे.

यंदाची खंडेनवमी आली. हत्यारं सतरंजीवर मांडली. विधवा बाई हळद-कुंकवाच्या ताटाला हात लावत नाही, म्हणून पंचफुला बाजूला उभी होती. पूजा रिंकू करत होती, आमच्या एका वेल्डरची नवी नवरी. तिला काही ठाऊक नव्हतं, म्हणून पंचफुला लांबूनच सांगत होती: आता याले लाव, आता त्याले लाव. पानेबिने झाले. रिंकू ताट घेऊन उठली आणि जमिनीवर जोडून ठेवलेल्या गर्डरकडे निघाली. बोटाला हळद घेऊन ती वाकली, नटाकडे हात नेला.

"तिथी नोको लावू!"

मी इतका मोठ्यानं ओरडलो की ताट रिंकूच्या हातून कलंडलं आणि कुंकू मातीत सांडलं. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. वास्तविक तिथं कसलाच धोका नव्हता. सगळे नट मी स्वतः आवळले होते, त्यांच्यावर निळ्या रेघा होत्या, प्रत्येक रेघेवर माझं बोट फिरलं होतं. तरी पिवळं बोट नटाजवळ गेलेलं माझ्यानं पाहवलं नाही. वर्षभर जे पोटात ठेवलं ते त्या एका ओरडण्यानं बाहेर पडलं.

पंचफुला माझ्याकडे पाहत नव्हती. ती रिंकूच्या बोटाकडे पाहत होती. मग तिनं नटांकडे पाहिलं. मग हळूहळू चालत गर्डरपाशी आली आणि एका निळ्या रेघेवर तिनं आपलं बोट ठेवलं. वर्षभरानं पहिल्यांदा ती माझ्याशी शिवीशिवाय बोलली.

"भाऊजी, पयले पिवळा राहत होता ना? हा निळा काऊन?"

"दुकानात पिवळा नव्हता."

"सहा महिने नव्हता?"

मी वाकून सांडलेलं कुंकू ताटात भरू लागलो. ती तशीच उभी राहिली. तिचं बोट रेघेवरून खाली आलं, नटवरून प्लेटवर, जसं त्या दिवशी आलं असेल तसं. प्लेटवर येऊन थांबलं. तिला सगळं दिसलं आहे हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

"आठयी नटाले म्याच हळद लावली होती," ती म्हणाली. मग, "वर्षभर तुमाले शिव्या देल्ल्या म्या."

"देत राहा, वयनी. मले सवय झाली आता."

तिनं मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. ती रडली असती तर मी जवळ गेलो असतो. ती पाण्याच्या ड्रमपाशी गेली, मग्गा भरून घेतला आणि हात धुऊ लागली. हाताला काहीच लागलेलं नव्हतं. तरी ती बोटं एकेक करून चोळत होती, मग्ग्यामागून मग्गा ओतत होती, आणि तिला थांबवायला कुणी पुढे होईना.

मी सतरंजीपाशी उभा होतो. हाताला काही काम असतं तर बरं झालं असतं, पण खंडेनवमीला पाना उचलायचा नसतो.