बैठकीतला शाळिग्राम

करिष्माने डब्याचं झाकण काढलं तेव्हा आधी चांदीच चमकली. लख्ख उजळलेली गोल बैठक आणि तिच्यात लाखेने बसवलेला काळा शाळिग्राम.

"सर, हा आमच्या देवघरातला. पप्पांनी दाखवायला दिलाय. वर्ग सुटला की लगेच घरी न्यायचाय. आजी काल्हेरला हळदीला गेलीय, उद्या येईल."

"देवाला पण क्लास लावला काय गं?" अथर्व म्हणाला, आणि सगळी मुलं हसली.

टेमघरला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक रिकामी खोली आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी तिथे मुलांना दगड दाखवतो. आपल्या भिवंडीचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात असलं काही सापडायचं नाही. माझ्या कपाटातले अमोनाईट कच्छचे आहेत आणि थोडे तमिळनाडूतले. अमोनाईट म्हणजे जुन्या समुद्रातला, शंखात राहणारा प्राणी. बाजारात माकूल, म्हणजे स्क्विड, मिळते ना, तिचा लांबचा नातलग. तो मेला, शंखात गाळ भरला, त्या गाळाचा दगड झाला. नेपाळातल्या मुक्तिनाथाकडून येणारे बरेच शाळिग्राम म्हणजे असेच दगड.

आमच्या वर्गाचा एक नियम आहे: नाव शेवटी. आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोट फिरवायचं, मग प्रश्न विचारायचे. वेटोळं घट्ट आहे की सैल? मधली बेंबी रुंद की अरुंद? फासळ्या सरळ जातात की त्यांना फाटे फुटतात? शंखातले कप्पे जिथे भिंतीला चिकटतात तिथे शिवणीसारखी रेघ दिसते, ती किती नागमोडी आहे? एवढं झाल्यावर मग ठरवायचं, हा ज्युरासिक काळातला की त्याच्या नंतरच्या क्रिटेशस काळातला. नाव घाईने घेतलं की माणूस पुढचं बघायचं सोडतो, हे मी मुलांना कितीदा सांगितलं असेल.

त्या दिवशी करिष्माने सगळं नीट केलं. ती बारा वर्षांची आहे, मानकोलीची. वडील प्रितेश गोदामं भाड्याने देतात. भिंग धरून तिने एकेक फासळी बघितली.

"फासळ्या एकेकट्या निघतात," ती म्हणाली, "आणि बाहेरच्या कडेला जाताना प्रत्येकीचे दोन फाटे होतात. बेंबी रुंद आहे. सर, ज्युरासिक?"

"ज्युरासिकचा शेवटचा भाग. आता नाव घे."

"पेरिस्फिंक्टीसच्या घराण्यातला!"

मी शाबासकी दिली, पण एक गोष्ट मला खटकत होती. फासळ्या फार धारदार होत्या. ज्या देवाला रोज आंघोळ घातली जाते, चंदन लावलं जातं, त्याच्या फासळ्या झिजायला हव्यात. हा दगड काल नदीतून काढल्यासारखा दिसत होता. प्रितेशने खरा देव घरी ठेवून भलताच दगड पाठवला की काय? मुलीसमोर हे बोलणं बरं नव्हतं. शाळिग्राम पुन्हा डब्यात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रितेश दारात उभा होता. पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही.

"सर, दगड बदललाय."

"कोणी?"

"ते तुम्ही सांगायचं. कपाट तुमच्याकडे आहे." त्याचा आवाज चढत गेला. "आई सकाळी आली, देवाला आंघोळ घालायला बसली आणि म्हणाली, हा माझा देव नाही. देवाची आंघोळ झाल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. आता दुपार झाली. सकाळपासून घोटभर पाणी पोटात नाही तिच्या."

मी कपाट उघडून दिलं. तो एकेक दगड हातात घेऊन बघत राहिला.

"ओळखा तुमचा," मी म्हणालो.

"मला काय कळतंय? सगळे सेमच दिसतात. म्हणून तर बदलायला सोपं." त्याने दगड आपटल्यासारखा ठेवला. "करिष्माचा क्लास बंद. बाहेरच्या माणसावर विश्वास टाकला, ती चूक माझी. पण डबा पोरगी घेऊन आली होती. देव मिळत नाही तोवर घरात सगळे तिलाच बोलणार, आणि मी कोणाकोणाला थांबवू?"

त्याच्याच गाडीतून मी मानकोलीला निघालो. वाटेत माझं डोकं मला स्वस्थ बसू देईना. दगड याच्याच घरातून आला होता. स्वतःच दगड बदलून माझ्यावर चोर म्हणून ओरडणारा हाच असला तर? मग आठवलं, वर्गात भिंग आणायला मी वर घरी गेलो होतो. तेवढ्या वेळात खोलीत मुलंच होती. अथर्वला आवडलेली वस्तू खिशात घालायची खोड आहे, पण तो घाबरट आहे, असली गोष्ट त्याच्या पोटात राहायची नाही. राहिली करिष्मा. दगड चारी बाजूंनी बघायला तिला मीच शिकवलंय. बघायच्या नादात तिने देव बाहेर काढून दुसराच दगड बसवला असेल तर? हा विचार मनात आला आणि मग जाईचना.

गोदामांच्या रस्त्याला लागून त्यांचा नवा बंगला आहे. बाहेर कंटेनरचे हॉर्न, आत देवघरासमोर पाटावर करिष्माची आजी, जानकीबाई. ओठ सुकलेले. करिष्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे रडून सुजलेले.

"मास्तर, माजा देव द्या," जानकीबाई म्हणाल्या.

"आजी, मी नेला नाही."

"मंग ह्यो कोन हाय? माजा देव कसा, लोन्यासारका. सासऱ्यांनी मुक्तिनाथाशी आनला, तवापासून याच हातानी चंदन लावतंय. ह्यो बगा, खरखरीत!"

म्हणजे त्यांनाही तेच खटकलं होतं. मी बैठक हातात घेतली, भिंग लावलं. दगड आणि चांदी यांच्या मधली लाख लालभडक होती. तिच्या खाचेत चंदनाचा कण नाही, धूळ नाही.

"ही लाख नवी आहे," मी म्हणालो. "दगड बैठकीतून काढून परत बसवलाय."

"बघा! मी काय म्हणत होतो?" प्रितेश ओरडला. "तुमच्या क्लासमध्येच काढलाय!"

जानकीबाईंनी नातीकडे पाहिलं. "न्हेला तू. तुज्याच हातात व्हता ना गं?"

मीही तिच्याकडे पाहिलं. तिने आजीकडे नाही, बापाकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"मी नाही काढला," ती म्हणाली. मग डोळे पुसून, वर्गात बोलते तशी सावकाश, "लाख वितळवायला विस्तव लागतो. तळमजल्यावर आहे का विस्तव? सर भिंग घेऊन येईपर्यंत ती वितळवायची, दगड काढायचा, परत बसवायचा, गार करायचा. कसं होईल?"

ती म्हणत होती ते बरोबर होतं, आणि ते आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. प्रितेश मात्र एकदम शांत झाला होता. इतका वेळ गरजणारा माणूस खिशातून मोबाईल काढून त्यात बघत होता, आणि मोबाईल बंदच होता.

"आजी," मी विचारलं, "ही चांदी कधी उजळली?"

"उजळली? आमी कवा उजळली? आमची बैठक काली व्हती. मना नीट दिसत न्हाय, मोतीबिंदू हाय." त्यांनी बैठक खिडकीकडे धरली. "अरे देवा. ही तर चमकते!"

"प्रितेश?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "शनिवारी निजामपुऱ्यात सोनाराकडे दिली होती. पॉलिशला. बाहेरच्या लोकांसमोर काळी बैठक कशी पाठवायची? एवढा बंगला बांधलाय..."

"माजा देव सोनाराच्या दुकानात ठेवलास?"

"आये, दोनच तास."

"आन मना सांगितला न्हाय!"

"सांगितलं असतं तर दिली असतीस?" मग तो एकदम उठला. "पण म्हणजे सोनारानेच बदलला! मी आत्ता जातो. शटर बंद करायच्या आत धरतो त्याला."

संशयाचं असं असतं, एका दारातून बाहेर काढलं की तो शेजारच्या घरात शिरतो. मी प्रितेशला हाताला धरून बसवलं.

"आजी, चंदन कसं लावता ते दाखवा मला. डोळे मिटून लावा."

त्यांना ते विचित्र वाटलं, पण त्यांनी डोळे मिटले. अनामिका बाहेरच्या कडेला टेकवली आणि वेटोळ्याच्या घळीतून आत, बेंबीकडे न्यायला सुरुवात केली. बोट थोडं सरकलं आणि फासळ्यांना अडकून घळीबाहेर गेलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. बोट उजवीकडे वळू बघत होतं आणि घळ डावीकडे जात होती.

"रोज कसा सुळकन जाते," त्या म्हणाल्या. "ह्यो उलटा हाय."

तेव्हा मला उलगडलं. करिष्मालाही उलगडलं होतं, कारण ती दारातून थेट पाटाजवळ आली.

"आजी, गरम पाणी आणू? उकळतं?"

"कशाला?"

"देवाला आंघोळ घालायला."

परातीत बैठक ठेवून त्यावर उकळतं पाणी ओतलं. लाख मऊ पडली. जानकीबाईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, पदर हाताला गुंडाळून दगड स्वतः बाहेर काढला आणि उलटा केला. खालची बाजू लोण्यासारखी होती. फासळ्या झिजून नुसत्या सावलीएवढ्या उरलेल्या, आणि घळीत पिवळट चंदन दगडाशी एकजीव होऊन बसलेलं. सोनाराने चांदी घासायला दगड काढला होता आणि परत बसवताना धारदार, देखणी बाजू वर ठेवली होती. त्याच्या हिशेबी त्याने चांगलंच केलं होतं.

जानकीबाईंनी बोट टेकवलं. ते सुळकन आत गेलं. त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"पण घळ उलटी कशी फिरली?" प्रितेशने विचारलं. आवाज आता बराच खाली आला होता.

उत्तर करिष्माने दिलं. "गोगलगाय एका बाजूला वर चढत जाते. हा चढत नाही, सपाट गुंडाळतो. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. एका बाजूने बघितलं तर उजवीकडे वळतो, पलटून बघितलं तर डावीकडे."

"म्हंजे तिकरून पन देवच हाय?" जानकीबाईंनी विचारलं.

"तिकडून पण."

त्यांनी दगड पलटून धारदार फासळ्यांवर हात फिरवला, घाबरत, नव्या सुनेच्या तोंडावरून फिरवावा तसा. "आन मी एवडी वरसा अर्ध्याच देवाला चंदन लावला." मग मुलाकडे वळून, "पोरीचा क्लास कोनी बंद केला? तू? सोनाराकडे जायला अक्कल व्हती, बोलायला तोंड नव्हता? जा, चा ठेव. मास्तरांना पन."

प्रितेश चहा ठेवायला गेला. जाताना त्याने करिष्माच्या डोक्यावर हात ठेवला. ती बाजूला झाली.

निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"लाख नवी आहे म्हणालात तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत," ती म्हणाली.

"हो. बघितलं."

"तुम्हीच सांगता ना, नाव शेवटी."

"चुकलं माझं, करिष्मा."

ती फाटकाची कडी लावून आत गेली.

रविवारी ती येईल की नाही, मला खात्री नव्हती. मुलं बसली, कपाट उघडलं, तेव्हा ती आली. नेहमी पुढे बसते, ती मागे भिंतीशी बसली. मी कच्छचा एक दगड तिच्या हातात दिला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

तिने दगड बराच वेळ बघितला. मग उठून माझ्यासमोर आली, तो पलटून टेबलावर ठेवला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

"आधी तुम्ही बघा, सर," ती म्हणाली. "ही बाजू."