अक्षरं अनुजाची, आकडा रश्मीचा

ओंकार झोपला की अनुजाला दुपारचा थोडा वेळ मिळायचा. तोही चोरलेला. एक हात पाळण्याच्या दोरीवर, दुसऱ्या हातात मोबाईल, अशी ती त्या दिवशी बसली होती. नवऱ्याच्या, म्हणजे अजिंक्यच्या, हजीऱ्याच्या कंपनीत 'आपली माणसं ओळखा' असा काहीतरी कार्यक्रम चालू होता. घरच्यांनीही भरायच्या म्हणून त्याने दोन चाचण्यांची लिंक पाठवली होती. पहिली चार अक्षरांची: माणूस विचार कसा करतो, निर्णय कसा घेतो, चारचौघांत खुलतो की एकटा, त्यावरून सोळा प्रकार. दुसरी नऊ आकड्यांची. तिच्यात म्हणे माणूस आतून कशाला भितो ते कळतं.

पहिलीचा निकाल बघून अनुजाला हसू आलं. धुळ्याला बी.एड. करताना आली होती तीच अक्षरं, जशीच्या तशी. अबोल, शिस्तीची, दिलेला शब्द पाळणारी, डाळींच्या डब्यांवर नावं चिकटवणारी बाई. दुसरी तिने फार विचार न करता भरली. 'कुणाला माझी गरज नाही असं वाटलं की मी बेचैन होते.' बोट आपसूक 'अगदी खरं'वर गेलं. मग पुढच्याही तशाच प्रश्नावर. त्याच्या पुढच्याही.

निकाल आला: दोन. खाली लिहिलं होतं, 'मूळ भीती: आपल्यावाचून कुणाचंच काही अडत नाही.'

संध्याकाळी अजिंक्य कंपनीच्या बसमधून उतरून आला, बशीत चहा ओतून बसला. तिने मोबाईल पुढे केला.

"अक्षरं तुझीच आहेत, अगदी तूच," तो म्हणाला आणि बोटाने खाली सरकला. बशी तशीच हातात राहिली. "दोन?"

"का रे? वाईट असतो का?"

"वाईट नाही." त्याने बशी खाली ठेवली. चहा न पिताच. "हा रश्मीचा आकडा आहे."

रश्मी त्याची पहिली बायको. त्यांची मुलगी तारा अगदी लहान असताना ती डेंग्यूने गेली. हजीऱ्यालाच दुसऱ्या कंपनीत ती लोकांना शिकवायला जायची, आणि शिकवायची काय, तर ह्याच दोन चाचण्या. घरातल्या सगळ्यांना तिने आकडे वाटले होते. अजिंक्य नऊ, सासूबाई एक. "आणि मी दोन, माझ्या मदतीपासून सांभाळून राहा," असं पाहुण्यांना हसत सांगायची. तिची अक्षरं मात्र अनुजाच्या अगदी उलटी. बडबडी, घाईची, घरभर पसारा मांडणारी.

अनुजाने त्या रात्री तो निकाल पुन्हा पुन्हा उघडून बघितला. कारण आकड्याच्या आधीही काही काही गोष्टी घडल्या होत्या, आणि त्या तिने कुणाला सांगितल्या नव्हत्या. चहा करताना साखरेसाठी तिचा हात वरच्या फळीवर जायचा. साखर तिथे नव्हतीच, निदान अनुजा ह्या घरात आल्यापासून नव्हती. लोचो, हा इथला डाळीचा पदार्थ, तिला कधी आवडला नव्हता. तो गिळगिळीत, वाफाळता गोळा बघूनच ती ताटली बाजूला सारायची. गेल्या वर्षी तिने तो मागून घेतला. रश्मीचा तो जीव की प्राण होता.

मागून घेतला तो कधी, तेही सांगायला हवं. पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावतात, तिची ओटी भरतात, गेलेलीच्या आवडीचं तिला जेवू घालतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. लग्नानंतरच्या पहिल्याच नवमीला ठरलेल्या बाईंना ऐन सकाळी सुतक आलं. स्वयंपाक तयार, पान मांडलेलं. सासूबाई, म्हणजे प्रमिलाबाई, महापालिकेच्या मराठी शाळेत आयुष्य काढलेल्या. अडलं की झटकन मार्ग काढायची त्यांना सवय. म्हणाल्या, "घरात सवाष्ण असताना दारोदार कशाला हिंडायचं? अनुजा, बस गं तूच."

अनुजा बसली. नव्या सुनेने नाही तरी कसं म्हणायचं? धाकटीने थोरलीच्या नावाचं जेवायचं, हे कुठल्या शास्त्रात आहे, ते कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तर बाहेरच्या बाईचं नावही निघालं नाही, आणि पानावरचा लोचो अनुजाने पुन्हा मागून घेतला.

त्या पुढच्या वर्षी तारा पाटाजवळ येऊन बसली होती. "अनुआई, आज तू माझी पहिली आई आहेस ना?"

पोरीचे डोळे असे लागले होते की अनुजाच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"मग सांग, मी झाले तेव्हा कशी होते?"

"कानांवर लव होती तुझ्या. काळी, मऊ. मी फुंकर घालून बघायची, हलते का."

प्रमिलाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असलं तर अनुजाला आठवत नव्हतं.

आणि आता पुन्हा नवमी आली होती. तारा आठवडाभर प्रश्न जमवत होती. शाळेच्या रिक्षात मैत्रिणींना गुजरातीत सांगत होती, "मारी मम्मी आववानी छे." माझी आई येणार आहे, हे अनुजाच्या कानावर आलं. बसावं, तर ह्या वर्षी आपल्यातलं आणखी काय जाईल? न बसावं, तर पोरीचा वर्षातला एक दिवस आपल्याच हाताने हिसकावून घेतल्यासारखं होईल. आणि ती पोर परत कधी जवळ येईल का?

कंपनीच्या त्या कार्यक्रमात घरच्यांसाठी व्हिडिओवर बोलायची सोय होती. मांडीवर ओंकारला घेऊन अनुजाने हेतलबेन नावाच्या बाईंना विचारलं, "माझी अक्षरं एकीची आणि आकडा दुसरीचा, असं झालंय का? काही चुकलंय का?"

"भूल काही नाही, बेन," हेतलबेन म्हणाल्या. "अशी जोडी कमी दिसते, एवढंच. अक्षरं सांगतात तुम्ही काम कसं करता. आकडा सांगतो कोणत्या भीतीने करता. दोन्ही एकाच माणसात राहू शकतात, भांडत नाहीत."

"पण अक्षरं जुनी आहेत. आकडा नवीन वाटतो. भीती अशी बाहेरून येते का?"

"पुस्तकात तर लिहिलंय, लहानपणापासून असते. पण मी म्हणेन, घर बघा. ज्या घरात राहतो तिथली भीती माणूस शिकतोच ने!"

कॉल संपला, तरी ते शेवटचं वाक्य अनुजाच्या मागे स्वयंपाकघरात आलं.

तिने एक ठरवलं. तळमजल्यावर गायत्री राहायची, शहाद्याकडची. तिचा नवरा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला. नवमीच्या आदल्या दिवशी अनुजा तिच्या दारात उभी राहिली.

"सवाष्ण म्हणून? मी?" गायत्रीने पदराला हात पुसले. "येस ना ताई! पण तुमच्या सासूबाईंना चालीन ना? त्या मला जिन्यात बघून पदर नीट करायला सांगतात."

"त्या सगळ्यांनाच सांगतात."

नवमीच्या सकाळी पुरण झालं, खीर झाली, अळूवडी झाली, कांद्याशिवायचा लोचो कोपऱ्यावरून आणून झाकून ठेवला. अजिंक्यने तर्पण केलं. पान मांडलं, भोवती रांगोळी आली, आणि प्रमिलाबाई म्हणाल्या, "चल गं, बस."

"मी नाही बसणार, आई. गायत्री येतेय."

"काय?" त्यांचा चष्मा नाकावर घसरला. "मला विचारायची पद्धत आहे की नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही मला बसवलं असतं."

अजिंक्य दारातच थांबला होता. आईकडे बघावं की बायकोकडे, हे न सुचून तो रांगोळीकडे बघत राहिला. तेवढ्यात तारा आतून धावत आली. नवीन फ्रॉक, केसांत गजरा.

"अनुआई, तू बस ना! मला विचारायचंय."

अनुजा खाली बसली, तिच्या उंचीला. "बाळा, मी ती नाहीये. कधीच नव्हते. मी तेव्हा हो म्हणाले, ते चुकलं माझं."

"मग लव? लव कशी सांगितलीस?"

"ते मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

तारा रडली नाही, हेच वाईट. ती एकदम गप्प, शहाणी झाली. गायत्री आली, हळदकुंकू लावून घेऊन पाटावर बसली, आणि तारा कामाला लागली. पाण्याचा तांब्या आण. चटणी आण. पंखा वाढव. गायत्रीच्या पदराला रांगोळी लागली ती झटक. लिंबू वाढायला धावली ते आजीच्या हातावर आपटली, आणि खिरीचा थेंब सांडला.

"अगं राहू दे गं बाई!" प्रमिलाबाई करवादल्या. "तुझ्यावाचून काही अडलेलं नाहीये इथे!"

रोजचंच वाक्य. अनुजाने ते किती वेळा ऐकलं होतं, भाजी चिरताना, ओंकारला अंघोळ घालताना, आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओटा पुसताना. कधी रागाने, कधी नुसतं सवयीने म्हटलेलं. पण आज तिने ते ताराच्या तोंडावर पडताना बघितलं. पोरीचं हसू जिथल्या तिथे राहिलं, फक्त डोळे विझले, आणि हात लगेच दुसरं काम शोधायला लागले.

दोन. आकडा रश्मीने अनुजाला दिला नव्हता. तो ह्या ओट्याशी, ह्या वाक्याखाली उभं राहून रश्मीला लागला होता, मग तिला, आणि आता समोर गजरा माळलेल्या एवढ्याशा पोरीला लागत होता.

"अडतं, आई," अनुजा म्हणाली. आवाज चढला नाही. जसं ती डब्यावर 'मूगडाळ' लिहायची, तसंच एकेक अक्षर नीट. "तिच्यावाचून आमचं अडतं. हे वाक्य ह्या घरात पुन्हा कुणालाही म्हणायचं नाही."

गायत्रीचा घास हातातच राहिला. अजिंक्य दाराची चौकट धरून म्हणाला, "आमचं?"

अनुजाला स्वतःलाच कळलं नाही, ती 'माझं' का म्हणाली नाही. तिने मागे वळून बघितलं. मागे फक्त ओटा होता, आणि त्याच्यावर उतू जायला आलेलं दूध.

"ती असं कधी बोलली नाही मला," प्रमिलाबाई पुटपुटल्या. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. "नुसती हसायची."

"तिला बोलता आलं नसतं," अजिंक्य म्हणाला. "हिला येतं."

मग गायत्रीच हळूच म्हणाली, "ताई, मीठ राहिलं वाढायचं."

प्रमिलाबाईंनी मिठाची वाटी उचलली. अनुजाकडे बघितलं, मग ताराकडे.

"तारा," त्या म्हणाल्या, "मला वाकवत नाही गं आता. तू वाढतेस?"

ताराने आधी अनुजाकडे बघितलं. अनुजाने गॅस बंद केला आणि मान हलवली. मग पोरीने दोन्ही हातांनी वाटी घेतली, पानाच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवलं, आणि पाटाजवळ बसली.

"गायत्रीकाकू," आईसाठी जमवलेल्या प्रश्नांतला एकही न काढता तिने विचारलं, "तुम्ही कुठे जन्मलात?"