घुमटकाका

"आता सगळ्यांनी एकदम गप्प," मार्गदर्शक मुलगी कुजबुजली. "कान द्या. पावलं ऐकू येतात का बघा."

लोखंडी जिन्याशी उभी असलेली पोरं एकमेकांना बिलगली. वेधशाळेच्या वर्धापनदिनानिमित्त विद्यापीठाने आज सगळी दारं लोकांसाठी उघडली होती. मोठ्या दुर्बिणीच्या घुमटात पाय ठेवायला जागा नव्हती.

"इथं एक घुमटकाका होते. रात्रभर घुमट फिरवायचे. एका पहाटे ह्याच जिन्यावर गेले. पण काम काही सुटलं नाही! अजून फेऱ्या मारतात. आम्ही ऐकलंय."

"पगार कोण देतं त्यांना?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

कडेला उभ्या असलेल्या म्हातारीचा दंड तिच्या लेकीने घट्ट धरला. "आई, ही बाबांबद्दल बोलतेय. थांब, चांगली खडसावते हिला."

"गप बस."

नवरा गेल्यापासून म्हातारी इकडे फिरकली नव्हती. तो असतानाही कधी आली नव्हती. तो रात्री घुमटात, ती दिवसा इस्पितळाच्या धुलाईघरात. तो सकाळी घरी यायचा तेव्हा ही चपला घालत असायची. भाजी झाकून ठेवलीये, पोरीला ताप आहे, एवढंच बोलणं. सगळा संसार असा उंबऱ्यावरच झाला. निवृत्त झालो की बसू निवांत, असं दोघंही म्हणायची.

तो गेल्यावर तिने कित्येक रात्री दिवा न लावता वाट पाहिली. लोक सांगतात, गेलेलं माणूस दिसतं, हाक मारतं. तिच्या घरात साधं भांडंही वाजलं नाही. येईल तरी कसा, तिला वाटायचं. रात्रीचं घर त्याच्या ओळखीचंच नव्हतं.

घोळका पांगला तशी ती मार्गदर्शक मुलीजवळ गेली. "पावलं कशी वाजतात गं? एक पाय ओढल्यासारखी?"

"काय आजी, घाबरलात की काय?"

"नाही. डावा पाय अधू होता त्यांचा, म्हणून विचारलं. मी त्यांच्या घरची."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. "आजी, माफ करा हो. तसं काही नाही. पोरांना मजा म्हणून आम्हीच रचलंय सगळं. कुणीच काही ऐकलेलं नाही."

"काहीच नाही?"

"नाही. अगदी शपथेवर."

लेकीने सुटकेचा श्वास सोडला. म्हातारी मात्र नवरा गेल्याची बातमी आत्ताच कळल्यासारखी मटकन खालच्या पायरीवर बसली. गार कठड्यावर तिने तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

पुढचा घोळका आत आला. मुलीने घाईघाईने दुर्बिणीची माहिती उरकली.

"ताई, भुताची गोष्ट सांगा ना!" एक चिमुरडी म्हणाली. "बाहेर सगळे सांगतायत."

"भूत वगैरे काही नसतं. चला पुढे."

"सांग गं," पायरीवरून म्हातारी म्हणाली. "छान सांगतेस."

मुलीने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान वळवली, पण नाही म्हणाली नाही. मुलगी अडखळत बोलू लागली.

म्हातारी कठड्याला धरून उठली, पोरांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने कानावर आलेले पांढरे केस मागे सारले.