घाम वाळेपर्यंत

सकाळपासून मी खिडकीची काच पुसत होते आणि काच पुन्हा गोठत होती. सासूबाई चुलीपाशी लोकर पिंजत बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी सहन केलं, मग म्हणाल्या, "झिजेल ती काच. घोडा काय काचेत बसलाय?"

मी फडकं खाली ठेवलं. दारापर्यंत गेले, परत आले, चहा ओतला, न पिताच पेला बाजूला सारला आणि पुन्हा फडकं उचललं.

समोरच्या डोंगराच्या सावलीच्या अंगाला आमचे घोडे अडकले होते. आधी आठवडाभर ऊन पडलं आणि बर्फ मऊ झाला. मग त्यावर भुरभुर पाऊस लागला, आणि एका रात्रीत अशी थंडी आली की ताटातलं तूप थिजावं तसा डोंगर थिजला. नुसता बर्फ असता तर मी ढुंकून पाहिलं नसतं. आमचे घोडे हिवाळाभर बाहेरच असतात. खुराने बर्फ उकरतात आणि खालचं वाळकं गवत खातात. पण वर असं टणक कवच चढलं की खूर आपटून आपटून नडग्या फाटतात आणि तोंडाला काडी लागत नाही. काचेतून मला बर्फावर तांबडे ठिपके दिसत होते. म्हातारीला दिसत नव्हते, किंवा ती बघत नव्हती.

त्या घोड्यांमध्ये तोरू होता. ह्यांचा घोडा.

गवतकापणी संपता संपता हे गेले. घोड्यावरून उतरले, तंग सोडायला वाकले आणि तसेच बसले. चाळिसाव्या दिवशी माझ्या दिरांनी, बेक्तेननी, तोरूचं शेपूट कापलं, आयाळ कापली, नाल काढले आणि त्याला कळपात सोडून दिलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या घोड्यावर कोणी बसत नाही. वर्षभर तो मोकळा चरतो आणि वर्षाच्या जेवणाला त्यालाच कापून पाहुण्यांना वाढतात. धन्याला तिकडे बसायला घोडा लागतो म्हणतात. ह्यांना जेवायला खाली उतरवायचं तर हाका मारून माझा घसा बसायचा, तेव्हा तिकडे हे पायी चालत असतील असं मलाही वाटत नाही. पण त्या दिवशी कापलेलं शेपूट अंगणात पडलेलं बघितलं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. शेपूट नसलं की घोड्याला वाऱ्याकडे पाठ करून धड उभंही राहता येत नाही, हे त्या कापणाऱ्यांना कोणी सांगावं?

दुपार व्हायच्या आत बेक्तेन भाऊजी मिशांवर बर्फ घेऊन आत आले.

"वहिनी, राख किती आहे घरात?"

"दोन पोती. का?"

"घळीवर टाकायची. घळीच्या अलीकडे उन्हाची बाजू, तिथं वाऱ्यानं जमीन उघडी पडलीय. घोडे तिकडे काढतो. आणि तोरूला खाली घेऊन येतो."

पिंजणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. "त्याला कशाला?"

"आई, तो नुसता सापळा झालाय. अजून पंधरा दिवस असाच राहिला तर वर्षाच्या जेवणाला काय वाढायचं, हाडं? जापारदादाचा घोडा म्हणून पलीकडच्या खोऱ्यातनं माणसं येतील. घरी बांधतो, जव घालतो, चांगला भरू दे."

"सोडलेल्या घोड्याला परत बांधत नसतात."

"आणि मेला तर?"

"मेला तर मेला. मोकळा मरेल."

माझं डोकं फिरलं. पोटच्या पोराचा घोडा, आणि ही बाई लोकर पिंजत असं बोलते. सून म्हणून जे तोंडात धरून ठेवायचं ते मी धरून ठेवलं, पण दार मात्र असं आपटलं की फळीवरचे पेले वाजले. भाऊजींच्या मागोमाग राखेचं पोतं खांद्यावर घेऊन मी बाहेर पडले.

"वहिनी, तुम्ही कशाला? घसराल."

"तुमचं लक्ष जेवणावर आहे. घोड्याकडे कोणीतरी बघायला हवं."

"माझ्या भावाच्या जेवणावर आहे," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या नाही." मी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

घळ रुंद नव्हती, पण तिचा उतार नुसता चकचकीत होता. आम्ही राख टाकली, त्यावर लेंड्यांचा भुगा टाकला, पायाने दाबला, पुन्हा टाकला. हातमोज्यांतून बोटं जळायला लागली. वाट तयार झाली तेव्हा पलीकडून घोडे आमच्याकडे बघत उभे होते आणि एकही पाय पुढे टाकत नव्हता. भाऊजींनी आपला घोडा त्या वाटेने पलीकडे नेला, हाकारे घातले, मागून रेटलं. कळपाचा वळू घोडा काठापर्यंत यायचा, काळी राख हुंगायचा आणि फुरफुरत मागे फिरायचा.

"आता ह्यांना काय गालिचा अंथरू?" भाऊजी वैतागून म्हणाले.

तोरू सगळ्यांत मागे होता. मी त्याला ओळखलं ते कपाळावरच्या ठिपक्यावरून, बाकी ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बरगड्या वर आल्या होत्या, पुढच्या दोन्ही नडग्यांवर रक्त गोठलं होतं. मी राखेवरून जपून पलीकडे गेले आणि हे जशी जीभ टाळ्याला लावून हाक द्यायचे तशी दिली. मला ती नीट जमत नाही. तरी त्याने कान टवकारले.

माझ्याकडे दोर नव्हता. डोक्याची शाल सोडून मी त्याच्या गळ्यात घातली आणि पुढे चालायला लागले. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, कारण तो पडला असता तर माझ्या अंगावरच पडला असता. पायाखाली राख करकरत होती. माझ्या मानेवर त्याचा गरम श्वास लागत होता आणि मी मनात एकच म्हणत होते, चल बाबा, चल. मधोमध त्याचा मागचा पाय सरकला. त्याने अंग सावरलं, थरथरत उभा राहिला आणि पुन्हा निघाला. त्याच्या मागे एक म्हातारी घोडी आली, मग वळू, मग सगळेच एकमेकांना ढकलत आले.

अलीकडच्या, उन्हाच्या बाजूच्या उघड्या जमिनीवर पोचताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. गवत तोडल्याचा आवाज ऐकून मला रडू आलं आणि मी रडले. भाऊजींनी नाक पुसलं, ते थंडीने असेल.

"त्याला सोडू नका आता," ते म्हणाले. "घरीच चला."

मी सोडलं नाही. जव, गोठा, ऊब, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्षाचं जेवण पुढच्या शरदात, आणि पुढचा शरद फार लांब होता.

घरी येईपर्यंत तोरूला दरदरून घाम फुटला होता. इतके दिवस उपाशी, वर ती घळ आणि मग हा उतार. घामेजलेल्या घोड्याला थंडीत काय करायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आखूड बांधायचा, तोंड वर राहील असा, म्हणजे बर्फ खाता येऊ नये. घाम पुरता वाळेपर्यंत चारा नाही, पाणी नाही, आणि मोकळं सोडणं तर नाहीच. ओल्या अंगाने वाऱ्यात गेला की सकाळी छातीत कफ भरून मरतो. भाऊजींनी त्याला अंगणातल्या खांबाला बांधलं, पाठीवर जाड लोकरीच्या नमद्याचा तुकडा टाकला आणि खालच्या वस्तीवरून जव आणायला निघाले.

"वहिनी, जीव तुटला तरी त्याच्या तोंडाला काही लावू नका हं."

"मला शिकवा आता."

ते गेले आणि सासूबाई बाहेर आल्या. एरवी त्या हिवाळ्यात उंबरठा ओलांडत नाहीत. त्या तोरूपाशी गेल्या, त्याच्या रक्ताळलेल्या नडगीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणलास अखेर."

"मग काय, मरू द्यायचा होता?"

"हा कुठला आहे, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. ह्यांच्या मामाने भाच्याला दिलेलं शिंगरू, म्हणजे सासूबाईंच्या माहेरचं, नदीच्या पार वरच्या टोकाचं.

"घोडा मोकळा सुटला की जन्मल्या जागी जातो," त्या म्हणाल्या. "हा गेला असता. दोनदा निघालेला मी बघितला, दोन्ही वेळा बेक्तेनने वळवून कळपात घातला. तिसऱ्यांदा निघायच्या आत हा बर्फ आवळला. म्हणून म्हणत होते, बांधू नका, राहू द्या तिकडेच. बर्फ सुटला की जाईल, नाही सुटला तर मोकळा मरेल. आता गोठ्यात बांधाल, जव घालाल. दावणीचा घोडा कुठे जातो? खाईल, भरेल, आणि शरदात तू त्याला वाढशील."

चुलीपाशी बसून ही बाई सगळा हिवाळा काय बघत होती ते मला आत्ता कळत होतं.

"तुझ्या सासऱ्यांचा घोडा कापला, तेव्हा पहिला तुकडा माझ्या ताटात पडला," सासूबाई म्हणाल्या. "सगळे बघत होते. खाल्ला मी."

"आई..."

"चांगला लागला गं. भूक लागली होती, मांस चरबीदार होतं, चांगला लागला. तेच मला अजून सोसत नाही."

वारा सुटला होता. तोरूच्या अंगातून वाफ निघत होती. मी त्याच्या तंगाच्या जागी, पुढच्या पायामागे, हात घातला. केस चिंब होते.

"हा सोडला तर वर्षाच्या जेवणाला काय कापणार?" मी विचारलं.

"माझी घोडी कापा. बेक्तेन ओरडेल. ओरडू दे, पाळण्यात होता तेव्हापासून ऐकतेय."

"आणि तुमच्या भावाकडे कापल्या शेपटाचा घोडा पोचला तर? ते निरोप धाडतील."

"माझ्या भावाला गप्प बसता येतं. या घरात तेवढं एक कोणाला जमत नाही."

मग आम्ही वाट बघायला लागलो. इतकी वाईट वाट मी आयुष्यात बघितली नाही. ओला सोडला तर मरणार होता. वाळायच्या आत भाऊजी आले तर सुटणार नव्हता. मी आतून कोरडी चिंधी आणली, त्याचं पोट चोळलं, काखा चोळल्या, पाठ चोळली. सासूबाईंनी पिंजलेली लोकर आणली, एवढ्या कष्टाने साफ केलेली, आणि तिनेच दुसऱ्या बाजूने चोळायला लागल्या. दर थोड्या वेळाने मी रस्त्याकडे बघायची. रस्त्यावर कुत्रं आलं तरी हातातली चिंधी थांबायची. मनातून भाऊजींचाही राग येत नव्हता, हा आणखी एक त्रास. भावाचं जेवण थाटात व्हावं असं वाटणं हा काही गुन्हा नाही.

"आता बघ," सासूबाई म्हणाल्या.

हात घातला. केस गार होते, पण मुळाशी अजून दमट.

"नाही."

"मान?"

"मान वाळली."

"मान वाळून काय करायचंय."

पुन्हा चोळलं. माझे खांदे भरून आले होते. म्हातारीच्या भुवयांवर बर्फ जमला होता, ओठ निळे पडले होते, आत जा म्हटलं तर ऐकेना. शेवटी मी हात घातला आणि केस बोटांतून सळसळत सुटे झाले. कोरडे.

तेव्हाच खाली वळणावर भाऊजींचा घोडा दिसला. लहान दिसत होता, चढ चढायचा बाकी होता.

मी दावं सोडलं. नदीकडची बाजू मोकळी होती, गोठलेल्या पात्रावर वाऱ्याने कोरडा बर्फ पसरला होता, नाल नसलेल्या खुरांना त्यावर पकड मिळणार होती. मी तोरूला तिकडे वळवलं, पाठीवर थाप मारली, हाकललं. तो चार पावलं गेला आणि परत येऊन खांबापाशी उभा राहिला. मी पुन्हा ढकललं. त्याने माझ्या खांद्यावर तोंड घासलं. नुकतं मीच त्याला घळीतून काढलं होतं, चोळून ऊब दिली होती. त्याने मला सोडून का जावं?

सासूबाई आत गेल्या आणि ह्यांचा चाबूक घेऊन बाहेर आल्या. हे गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. ह्यांनी तो तोरूवर कधी उगारला नव्हता, नुसता मनगटात अडकवून हिंडायचे. सासूबाईंनी तो माझ्या हातात दिला.

"तुम्ही मारा," मी म्हणाले.

"माझ्यामागे तो आला नव्हता."

खालून भाऊजींनी हाक मारली. काय म्हणाले ते वाऱ्यात कळलं नाही.

पहिला फटका मी हळू मारला. तोरूने मान वळवून माझ्याकडे बघितलं, काही चुकलं का असं विचारावं तसं, आणि तो तिथेच उभा राहिला. दुसरा मी सगळा जीव लावून मारला, आणि तो गेला.