तिसरा रकाना

टक्केसरांचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकापलीकडे कुणाला आठवत नसे. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून त्यांना एक खोड जडली होती. काहीही विचारा, उत्तर टक्क्यांत. भाजी कशी झालीय? सत्तर टक्के. बायकोची तब्येत? मागच्या महिन्याहून पाच टक्के बरी. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि हे पाच टक्के कुठून मोजले ते विचारायची कुणाची छाती होत नसे.

अशा माणसाच्या वाट्याला रोजगार पाहणीचं काम आलं, तर तो हुरळणारच. शिकवणं सोडून शिक्षकाला बाकी सगळी कामं येतात, असं सरकारचं फार जुनं मत आहे. इतर शिक्षक आजारपणाचे दाखले शोधत होते, तेव्हा सरांनी चोवीस घरांची यादी मागून घेतली. चिठ्ठ्या टाकून काढलेली घरं, त्यात कुणाची वशिलेबाजी नाही. शेवटचं घर नेमकं त्यांचं स्वतःचं निघालं. त्यांनी ते प्रामाणिकपणे वरच्या साहेबांना कळवलं.

"एका घरासाठी दुसरा माणूस कुठून आणू?" साहेब म्हणाले. "भरून टाका हो. तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक नसणार का?"

नियम साधा होता. मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं, अगदी घरच्या धंद्यात बिनपगारी केलं, तरी तो माणूस 'कामावर'. स्वयंपाक, धुणीभांडी, आजाऱ्याची सेवा, यातलं काहीही काम म्हणून धरायचं नाही. ही व्याख्या सर दरवर्षी वर्गात लिहून देत आणि "परीक्षेला येणारच" असं बजावत. ती येतच असे.

नवव्या घरात एक इंजिनिअर भेटला. चार वर्षं नोकरी नाही, दाढी वाढलेली, घर बायकोच्या पगारावर. वडील दाताच्या डॉक्टरकडे गेले म्हणून मंगळवारी तो तासभर त्यांच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसला होता.

"सर, बेकारच लिहा ना," तो म्हणाला. "नुसता बसलो होतो. एक गिऱ्हाईक फिरकलं नाही."

"बसलात ना?" सरांनी विचारलं आणि 'कामावर'च्या पहिल्या रकान्यात खूण केली. वर त्याला आकडेवारीच्या शिस्तीवर पाच मिनिटं ऐकवलं. तो बिचारा ऐकत राहिला. त्याला वेळच वेळ होता.

बुधवारी संध्याकाळी सर आपल्याच घरात फॉर्म घेऊन बसले. समोर मुलगी. एकतीस वर्षांची, दोन पदव्या, पण घरात अजून छकुलीच. शिक्षक भरती निघेल म्हणून सहा वर्षं थांबलेली. भरतीच्या बातम्या निवडणुकीच्या तोंडावर येत आणि मतमोजणीनंतर विरून जात. नातेवाइकांना सर सांगत, "तयारी करतेय." आत्या दर फोनवर विचारी, "अजून तयारीच?"

छकुलीला काय हवं होतं ते सरांना माहीत होतं. आठवडाभर ती एकच बोलत होती. "बाबा, कुठेतरी एकदा लिहिलेलं असू दे. तयारी नको, घरी असते नको. बेकार. म्हणजे माझ्या एकटीत काही कमी नाही, माझ्यासारख्या किती आहेत ते तरी मोजलं जाईल."

सरांनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि ते थांबले. कालच ते बेकार मोजत गावभर फिरत होते, तेव्हा त्यांच्या घरच्या शिकवणीच्या मुलांना छकुलीनेच शिकवलं होतं. दीड तास. धडा बेकारीचाच.

खोटी खूण केली असती तर कोण तपासायला येणार होतं? पण नववं घर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या इंजिनिअरला शिस्त ऐकवायची आणि लेकीला सूट द्यायची, हे त्यांच्या हातून होईना. स्वतःची चीड आली. मग त्यांना मुदत आठवली. फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचे होते, आणि सात दिवस मोजायचे ते विचारल्या दिवसापासून मागे.

"आज नाही विचारत," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी विचारतो. तोवर कशालाही हात लावू नकोस." शिकवणीला त्यांनी आठवडाभर सुट्टी दिली. नियमातून वाट काढल्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

तो आठवडा छकुलीने कामाशिवाय काढला. सोमवारी आईला ताप भरला आणि मदतीची बाई येईनाशी झाली. छकुली पाचला उठे. आईचं अंग पुसे, चादरी बदले, दर दोन तासांनी कूस बदलून देई, रांधे, भरवी, कपडे पिळी. कंबर धरली तेव्हा तिच्याभोवती ओढणी आवळून पुन्हा उभी राहिली. सर शाळेतून आले की विचारत, "काही काम केलं नाहीस ना?" ती म्हणे, "नाही, बाबा." एवढा शिकलेला माणूस, पण हा प्रश्न विचारताना त्याची जीभ एकदाही अडखळली नाही.

गुरुवारी ती ओले हात पुसत समोर बसली.

"सात दिवसांत तासभर तरी काम?"

"नाही."

सरांचं पेन 'बेकार'च्या दुसऱ्या रकान्याकडे निघालंसुद्धा, आणि सवयीने पुढचा प्रश्न तोंडातून गेला. "काम शोधलंस?"

बेकार ठरायचं तर काम शोधलेलं असावं लागतं. व्याख्येचं दुसरं वाक्य. हेच वाक्य विसरणाऱ्या पोरांचे ते दरवर्षी गुण कापत, आणि स्वतः आठवडाभर पहिल्याच वाक्यात अडकून बसले होते.

"कधी शोधणार होते?" छकुली म्हणाली. "अर्ज टाकते ते सोमवारी. सोमवारी आई तापाने फणफणली होती. आणि तुम्हीच म्हणालात, कशालाही हात लावू नकोस."

सरांनी पेन मागे घेतलं.

"मग मी कशात?"

"तिसऱ्या रकान्यात," ते म्हणाले. "कामावर नाही, बेकारही नाही. मोजणीबाहेर."

छकुली हसली. "त्या दिवशी शिकवणीत एका मुलीने विचारलं होतं, ताई, तिसऱ्या रकान्यात कोण येतं? मी तुमच्याच वहीतून सांगितलं. ज्यांना काम नकोच असतं, ते." आणि ती उठून आत गेली.

सरांनी तिसऱ्या रकान्यात खूण केली. मग चोवीस घरांचा गोषवारा मांडला. कामावर एकेचाळीस. मोजणीबाहेर सत्तावीस. बेकार शून्य. टक्के काढायचीही गरज नव्हती. त्यांनी बेरीज दोनदा तपासली. ती बरोबर होती. त्यांनी खाली सही केली.

"बाबा, जरा या," आतून छकुलीने हाक मारली. "आईला उचलायचंय. एकटीला होत नाही."