मोठं अक्षर

धुळे तालुक्यातल्या त्या गावी लोकल बोर्डाच्या शाळेत प्रार्थना झाली, मुलं आत बसली, आणि महारवाड्यातली सुंदर नावाची मुलगी नेहमीप्रमाणे अंगणात, चुन्याच्या रेघेपलीकडे बसली. ती रेघ हेडमास्तर मोतीलाल यांनी स्वतः आखली होती. दर शनिवारी ते ती नव्याने ओढून घेत. शाळेचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं, त्याला मात्र त्यांना सवड सापडत नव्हती.

सुंदर चौथीत होती. लिहून झालं की पाटी डोक्यावर धरून ती विचारी, "दिखस का, गुरुजी?" मोतीलाल मास्तर उंबऱ्यातून बघत आणि चुकलं असेल तर ढेकूळ फेकून मारत. ढेकळाला विटाळ होत नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलंय कोण जाणे! गुरुजींचं बघून मुलंही नेम धरायला शिकली होती, आणि नेम लागला की मास्तर मिशीत हसत. दुय्यम शिक्षक पितांबर ढेकूळ मारत नसे. तो उंबऱ्यातून नुसतं "बरोबर" म्हणे आणि स्वतःला भला माणूस समजे.

त्या दिवशी शाळा तपासणारे डिप्टीसाहेब परीक्षेला आले. पितांबरनेच खटपट करून धुळ्याच्या वसतिगृहात सुंदरसाठी जागा पाहिली होती, पण ती चौथी पास झाली तरच. नाहीतर कापूस वेचणं आणि लग्न ठरलेलंच होतं. साहेबांनी शुद्धलेखनाला कागद दिला. सुंदरने तळहाताएवढं एकेक अक्षर काढलं. चार शब्दांत कागद भरला, आणि पुढची सगळी वाक्यं ती नुसती ऐकत राहिली. मोतीलाल मास्तर म्हणाले, या लोकांची बुद्धीच जाड, अक्षर बारीक कुठून येणार. वर्ग खो खो हसला. साहेबांनी नापासाचा शेरा मारला. दहा दिवसांनी शेजारच्या गावी येईन तेव्हा पुन्हा बसवा, एवढी दया मात्र केली.

संध्याकाळी सुंदरची आई भिकुबाई पितांबरच्या ओट्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात विनवणी नव्हती.

"गुरुजी, मनी पोर मठ्ठ नही शे. तुम्ही दूरथीन देखतस, म्हनीसन ती मोठं लिखस."

एवढं बोलून ती गेली. पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं त्या टपोऱ्या अक्षरांना तो "बरोबर" म्हणत आला होता. अक्षर एवढं मोठं का, हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. आता दहा दिवसांत ते बारीक करायचं, तर लांबून भागणार नव्हतं. शेजारी बसून हाताला हात लावावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी त्याने पायाने रेघ पुसली आणि सुंदरला वर्गात आणून बसवलं. मुलं दप्तरं उचलून पळाली. मोतीलाल मास्तर सोवळं सांभाळत बाहेर गेले आणि बोर्डाकडे तक्रार लिहायला बसले. घटकाभरात गावचे लोटन पाटील दारात आले.

"मास्तर, तिले बाहेर काढा. नही ते उद्यापाईन बठ्ठा पोरे घर बसतीन."

शिवाय त्यांनी हेही सांगितलं, की पितांबरच्या बायकोला आता गावच्या विहिरीवर घागर बुडवू देणार नाहीत. नोकरी जाईल, हे पितांबरला दिसत होतं.

"बसू द्या," तो म्हणाला. "माझ्या वर्गात एक मुलगी हजर आहे."

पाटील उंबऱ्यावर थुंकून निघून गेले.

रिकाम्या वर्गात पितांबर सुंदरशेजारी मांडी घालून बसला. तिचा हात धरून त्याने एक ओळ गिरवून घेतली आणि दुसरी तिला लिहायला सांगितली. तिने लिहिली आणि सवयीने पाटी डोक्यावर धरली. त्याने ती हळूच खाली घेतली. अक्षर इतकं बारीक होतं, की वाचायला मास्तरालाच वाकावं लागलं.