ताटाखालचं कोडं

कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याने ताटाखाली घालायच्या कागदांवर माझ्या शिकवणीतल्या मुलांची शब्दकोडी छापायचं ठरवलं, तेव्हा मी खुशीत होकार दिला होता. सातवीतल्या जिजाचं कोडं गोल होतं. सहा शब्द कडेवरून निघून मधल्या एकाच ‘ळ’वर संपायचे, आणि प्रत्येक सूत्राच्या वाक्यातच उत्तराची अक्षरं लपलेली. चार दिवस खपली होती पोर. अनोळखी माणसाला ते सुटतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

सोमवारी मी आणि जिजा तेच बघायला रिसॉर्टच्या मागे गेलो. तिथे त्या कागदांचा ढीग पडला होता. त्यांवर सांडलेला रस्सा, चघळून टाकलेली हाडं. एकाने तर नाकच पुसलेलं. मी दोन पावलं मागे सरलो.

“चल गं. यांना पुन्हा कोडं द्यायचं नाही.”

पण जिजाने ढिगात हात घातलाच. एका तेलकट कागदावर पेनाने लिहिलेलं होतं. ‘एक मळकट डबकं, त्यातच ते फुलतं’ या सूत्राला कुणीतरी ‘शेवाळ’ भरलं होतं.

“शी!” ती ओरडली. हाडांना नव्हे, उत्तराला. “‘एक मळकट’मधी ‘कमळ’ समोर हाय, गुरुजी! यानं वाचलंच नाय.”

“जेवायला येतात ते, वाचायला नाही.”

“मग पेन कशाला काढला? थांबा, अजून कुणी काढला असंल.”

तिने बाह्या वर सारल्या. मी नाकाला रुमाल बांधला आणि दुसऱ्या बाजूने ढीग उपसायला लागलो.